गॅलनला वीस मैल

ओव्हिला सीर मला काळ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावतो
आणि विहिरीत वाकावं तसा आत वाकतो.
"किती घोडे?"
"तीनशे चाळीस."
त्याच्या बापाकडे दोनच होते, म्हणतो, त्यातला एक आंधळा,
पण बटाट्याच्या शेतात तास सरळ काढायचा तो आंधळाच.

लॉरेटला घोड्यांचं कौतुक नाही.
ती काचेवर चिकटवलेला कागद वाचते आहे,
चष्मा कपाळावर, नाक काचेला.
"गॅलनला वीस मैल," ती मोठ्यांदा म्हणते,
होणाऱ्या जावयाचा पगार सांगावा तसं.

शेजारी राखाडी उभी. चार सिलिंडर, टर्बो,
घोडे नव्वदांनी कमी, गॅलनला सत्तावीस,
दोन वर्षांनी तरुण, म्हणून बेचाळीसशे डॉलरनी महाग.
जोर दोघींच्याही चारी चाकांना,
खुर्च्या दोघींच्याही गरम होणाऱ्या,
आणि डॅशबोर्डवर एक लाकडी पट्टी,
जी लाकडाची आहे असं मी शपथेवर सांगणार नाही.

मार्च महिना. नदी गोठलेली, तिच्या पलीकडे कॅनडा.
मी दोघांना चर्चमागच्या चढावर नेलं.
राखाडी चढाआधी क्षणभर विचार करते.
काळी करत नाही.
ओव्हिलाची टोपी मागच्या खिडकीशी गेली
आणि तो हसला, डावा हात मांडीवर तसाच जपून ठेवून.
त्या हातात सुया जातात.
साठ मैल जायचं, साठ मैल यायचं, आठवड्यातून तीनदा,
प्रेस्क आइलला, जिथे एक यंत्र
त्याचं रक्त धुऊन त्याला परत देतं.

ऑफिसात मी कॅलक्युलेटर ओढला.
पेट्रोल साडेतीन डॉलर धरलं.
"राखाडीत वर्षाला साडेआठशे वाचतात.
जादा किंमत पाचव्या वर्षी वसूल."

हे वाक्य मी दिवसातून चारदा बोलतो.
त्या दिवशी ते टेबलावर पडून राहिलं.
हीटर घरघरत होता.
ओव्हिला भिंतीवरच्या कॅलेंडरातला ट्रॅक्टर बघू लागला.

लॉरेटनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली.
पाच खोडला नाही.
त्याच्या खाली दोन लिहिला, छोटा,
आणि कागद माझ्याकडे सरकवला.
"आता सांग."

दोन वर्षांत काळी स्वस्त.
किती, ते मी तोंडानं म्हटलं नाही, लिहून दाखवलं.
"मी कधीचा सांगतोय," ओव्हिला म्हणाला,
जणू इतका वेळ वाद घोड्यांवरच चालला होता.

त्यानंतर दर चार महिन्यांनी ती तेल बदलायला येते,
बिस्किटांच्या डब्यात पावत्या घेऊन.
गाडीबद्दल तक्रारी करते:
फार पिते, खड्ड्यात कमरेला कळतं,
लाकडी ट्रकला मागे टाकताना हा लहान पोरासारखा ओरडतो.
दुसरा हिवाळा गेला. तिसरा.
चौथ्या हिवाळ्यात पुढचे दोन टायर बदलले.
मी काही विचारत नाही, किलोमीटर नाही, मैल नाही,
नुसता मीटर बघतो आणि नोंद करतो.

आज पुन्हा मार्च. डबा आता मोठा आहे, केकचा.
लॉरेटनं सगळ्या पावत्या माझ्यासमोर ओतल्या
आणि सगळ्यात वरची बोटानं दाबून धरली.
"गेल्या मंगळवारची.
हिच्यापासून पुढे आम्ही तोट्यात."
इतक्या तोऱ्यात बोलली, की मला वाटलं
बँकेत व्याज लागलं असावं.

बाहेर काळी सुरूच होती, मागून पांढरा धूर,
आत ओव्हिला, टोपी खाली ओढलेली, खुर्ची गरम.
"इंजिन बंद करायला सांगा त्यांना," मी म्हणालो,
"उगाच पेट्रोल जातंय."
"जाऊ दे," ती म्हणाली.